हार

इथे समुद्रावरून जे धुकं चालत येतं
त्याला ॲबर्डीनचे लोक म्हणतात हार.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा झेंडूचा वास आला,
मग आठवीतली खो-खोची मॅच आठवली,
एका गुणाने गेलेली.
आता नऊ वर्षांनी दोन्ही आठवत नाही.
हार म्हणजे समोरचं घर नाहीसं होणं, बस्स.
वाळत घातलेले मोजे आत घ्यायचे.

मॉर्व्हेन फॉर्म घेऊन आली होती, शाल्मलीच्या तपासणीला.
ठोकळे किती रचते, शब्द किती जोडते,
जिन्यावर पाय आलटून-पालटून टाकते का.
सगळ्याला मी हो म्हटलं.
मग पेनाला टोपण लावता लावता तिने विचारलं,
आणि तू? चिडलीस की काय करतेस?
काही नाही, मी म्हणाले.
खोटं नव्हतं. ओरडत नाही, हात उगारत नाही.
मी फक्त निघून जाते, जागेवरून न हलता.

संगमनेरला दुधाचा हिशोब कॅलेंडरवर असायचा.
आईच्या अबोल्याचा मी ठेवायचे, त्याच चौकोनांत,
पेन्सिलीने, बारीक टिंब.
मार्चमध्ये चार टिंबं. दिवाळीच्या महिन्यात सहा.
कशावरून सुरू झालं ते कधी कळायचं नाही.
ओट्यावर कपबशी कशी ठेवली जाते
यावरून मी दिवसाचा अंदाज बांधायचे.
ती पोळी वाढायची, वेणी घालायची, घट्ट,
तिन्ही पेडांत मिळून एक शब्द नाही.
आणि मग एका संध्याकाळी : जेवायला ये.
तीच माफी, तोच निकाल.
मी पोट दुखेपर्यंत जेवायचे.

तिला चौथीत मामाकडे ठेवली होती, पाच वर्षं.
हे मला मावशीकडून कळलं, माझ्याच हळदीच्या गडबडीत.
तिथे पोरींनी बोललेलं चालत नसे,
मावशी म्हणाली, आणि नारळ मोजायला गेली.

मंगळवारी शाल्मलीने पॉरिज सांडलं.
मी गुडघ्यांवर बसून गालिचा पुसत होते,
पुसून झालेला भाग पुन्हा पुसत होते.
ती मागून आली
आणि माझ्या पाठीवर, बरोबर मध्ये,
मूठ वळून तिने दार वाजवलं.
टक टक.
आई घरी आहे का?

मला यायला वेळ लागला.
दार आतून फुगलं होतं.

शेजारच्या मिसेस गेडीज सांगतात,
टोरीच्या दीपगृहावर भोंगा होता.
धुकं आलं की गायीसारखा हंबरायचा रात्रभर,
लोक त्याला गायच म्हणायचे, शिव्याही द्यायचे.
आता बंद आहे, बोटींना त्याची गरज नाही.
त्या म्हणाल्या, पण झोप लागायची मला.
कुणीतरी जागं आहे असं वाटायचं.

मी ही गोष्ट शाल्मलीला सांगितली
आणि स्वतःसाठी एक वाक्य पाठ केलं,
बाथरूमच्या आरशासमोर, मूर्खासारखं :
मला राग आलाय. थोडा तुझ्यामुळे, बाकीचा जुना आहे.
मी इथेच आहे.
अजून मधल्या पूर्णविरामाशी अडते.

काल खिडकीतून आधी चर्च गेलं, मग बसस्टॉप,
मग आमचंच कुंपण.
माझ्या हातून ताटली जरा जोरात ठेवली गेली.
तिने आवाज ओळखला, खांदे कानांपर्यंत नेले.
ते खांदे माझ्या ओळखीचे आहेत.
पण मी कधी जे म्हटलं नव्हतं ते ती म्हणाली :
हंबर ना.

घसा कोरडा होता. वाक्य आठवेना.
जो आवाज निघाला तो गायीचा नव्हता,
म्हणजे कशाचाच नव्हता,
पण मोठा होता.
पलीकडून मिसेस गेडीजनी भिंतीवर दोनदा ठोकलं.
पुरे म्हणून, की ऐकू आलं म्हणून,
कोण जाणे.
शाल्मलीने भिंतीवर उलट ठोकलं.